हलकेपणाचे बळ : पालखेड ते बिलाफोंड

हैदराबादकर मराठी माणसाला पालखेडची लढाई दोन्ही बाजूंनी आठवावी लागते. एका बाजूस पेशवा बाजीराव, आणि दुसऱ्या बाजूस निजाम-उल्-मुल्क आसफजाह, ज्याच्या घराण्याच्या राज्यात आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, शिकल्या आणि चाकरीस लागल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरनजीकच्या पालखेड येथे या दोघांची गाठ पडली. निजामाजवळ त्या काळी दख्खनेत नावाजलेला तोफखाना होता. बाजीरावाजवळ तोफा जवळजवळ नव्हत्याच. होते ते घोडदळ, आणि तेही हलके. निजाम पुण्यावर गेला असता पेशवा पुण्याच्या रक्षणास धावून आला नाही. तो जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा हुलकावण्या देत फिरला, निजामाला आपल्या मागे येण्यास त्याने भाग पाडले, आणि अवजड तोफा मागे टाकून आलेल्या त्या सैन्याला पाणी व रसद मिळणार नाही अशा जागी कोंडले. मार्च महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातील विख्यात ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनी युद्धशास्त्राच्या आपल्या इतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल.

पालखेडचे स्मरण येथे करण्याचे कारण वेगळे आहे. त्या लढाईने एक सूत्र सिद्ध केले : जेथे वाट अवघड आणि वेळ थोडा, तेथे ओझे हाच पहिला शत्रू होय. विसाव्या शतकात घोड्याची जागा यंत्राने घेतली तरी हे सूत्र बदलले नाही. मोजकी माणसे, गुप्तता, अवचित हालचाल आणि एकच नेमके उद्दिष्ट अशा ज्या कारवायांना लष्करी परिभाषेत विशेष मोहिमा म्हणतात, त्यांच्या इतिहासात हलक्या हेलिकॉप्टरने हलक्या घोडदळाचेच काम केले. सिकंदराबादच्या उत्तरेस राहणाऱ्यांना हे यंत्र परके नाही. हकीमपेठच्या वायुसेना तळावर हेलिकॉप्टर प्रशिक्षण विद्यालय आहे, आणि तेथील नवशिके वैमानिक चेतक हेलिकॉप्टरवर धडे गिरवताना अल्वाल-बोलारमच्या लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या त्या इवल्याशा यंत्राचा पूर्वेतिहास मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असतो. तो सांगावा, आणि त्या इतिहासातून उरलेल्या एका देण्याची आठवण द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हेलिकॉप्टरचा युद्धातील पहिला पराक्रम घडला तो हिंदुस्थानच्या भूमीवरून उड्डाण करून, ही गोष्ट अभिमानाने नव्हे तरी कुतूहलाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात जनरल विंगेट यांचे चिंडिट सैनिक जपानी फळीच्या मागे घुसून लढत होते. त्यांना हवाई साहाय्य देणाऱ्या अमेरिकी एअर कमांडो पथकाचे तळ आसामात हैलाकांडी व लालाघाट येथे होते. त्यांचे एक छोटे विमान शत्रूच्या मुलखात पडले. वैमानिक आणि त्याच्याबरोबरचे तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले. त्यांना आणण्यासाठी लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकोर्स्की कंपनीचे आर-४ जातीचे हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्राची शक्ती इतकी बेताची होती की त्या उष्ण हवेत वैमानिकाखेरीज एकाच माणसाचा भार त्याला पेलत असे. हार्मनने चार खेपा केल्या आणि २५ व २६ एप्रिल या दोन दिवसांत चौघांनाही बाहेर काढले. एका खेपेस एक माणूस! हा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे चाळीस वर्षांनी हिमालयात आपल्याला जवळपास याच हिशेबाने चालावे लागले.

स्वतंत्र भारताच्या वायुसेनेत हेलिकॉप्टर आले १९५४ मध्ये. १९६२ च्या चीनयुद्धाने डोंगरमाथ्यावरील ठाण्यांना रसद पोचविण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्याच सुमारास फ्रान्सच्या 'अलुएत-३' या हेलिकॉप्टरच्या उत्पादनाचा परवाना हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने घेतला, आणि १९६५ मध्ये बंगळूर येथे जुळणी झालेले पहिले यंत्र उडाले. त्याचे नाव ठेवले चेतक. राणा प्रतापाच्या घोड्याचे हे नाव ज्याने सुचविले, त्याला या यंत्राचा वंश बरोबर कळला होता असे म्हटले पाहिजे.

या जातीच्या हेलिकॉप्टरने विशेष मोहिमेत आपला गुण दाखविला तो १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामात पाकिस्तानी सेवा सोडून आलेल्या बंगाली वैमानिकांना घेऊन २८ सप्टेंबर १९७१ रोजी नागालँडमधील दिमापूर येथे एक छोटे हवाई पथक उभे करण्यात आले. 'किलो फ्लाइट' हे त्याचे नाव. जोरहाट तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्याकडे त्याच्या तयारीची सूत्रे होती. या वायुदलाचे वैभव केवढे? एक जुने डाकोटा, एक ऑटर विमान आणि एक अलुएत हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरला दोन्ही बाजूंस सात-सात रॉकेटांचे संच जोडण्यात आले, मशीनगन बसविण्यात आल्या, आणि खालून होणाऱ्या गोळीबारापासून बचाव व्हावा म्हणून तळाला पोलादी पत्रा ठोकण्यात आला. शेतकरी ट्रॅक्टरला नाना अवजारे जोडून निरनिराळी कामे करून घेतो, त्यातलाच हा प्रकार. ३ डिसेंबरच्या रात्री स्क्वाड्रन लीडर सुलतान महमूद यांनी हे हेलिकॉप्टर अंधारातून, झाडांच्या शेंड्यांना लागून नेत नारायणगंजजवळील गोदनाइलच्या तेलसाठ्यावर हल्ला चढविला. त्याच रात्री ऑटर विमानाने चितगावच्या तेलसाठ्यांवर रॉकेटे टाकली. मोठ्या लढाऊ विमानांनी केले असते ते काम तीन लहान यंत्रांच्या या पथकाने केले. आणि आजच्या बांगलादेश वायुसेनेची परंपरा तेथूनच सुरू होते.

यानंतर आपल्या कथेत दुसरे यंत्र येते, ते चीता. त्याच्या जन्माची हकीकत आपल्या दृष्टीने विशेष आहे. हिमालयाच्या उंचीवर काम देईल असे हेलिकॉप्टर आम्हांस हवे, अशी मागणी भारतीय सैन्यदलांनी केली, आणि तिला उत्तर म्हणून फ्रेंच अभियंत्यांनी एक साधी पण चतुर युक्ती योजिली. लहानग्या 'अलुएत-२' चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर थोरल्या 'अलुएत-३' चे एंजिन व पाती बसविली. बळ थोरल्याचे, वजन धाकट्याचे. हे यंत्र मार्च १९६९ मध्ये प्रथम उडाले. त्याच वर्षी हिमालयात चाचणी घेताना ते ७,५०० मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडाले. २१ जून १९७२ रोजी झाँ बूले या फ्रेंच वैमानिकाने त्याच जातीचे यंत्र १२,४४२ मीटर उंच नेऊन विक्रम केला. तेथे एंजिन बंद पडले, तरी नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधारे त्याने ते सुखरूप खाली आणले. आपल्याकडे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने १९७० मध्ये परवाना घेऊन त्याची बांधणी आरंभिली.

उंचीचा आणि ओझ्याचा संबंध येथे थोडा उलगडून सांगणे अवश्य आहे. हेलिकॉप्टर उचलले जाते ते पात्यांनी हवा खाली लोटल्यामुळे. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. पाती तीच, पण त्यांच्या कवेत येणारी हवा थोडी. एंजिन तेच, पण त्याला मिळणारा प्राणवायू थोडा. अशा ठिकाणी यंत्राच्या अंगी असलेला प्रत्येक किलो हा उचलावयाच्या मालातून वजा होतो. म्हणूनच चीता बांधताना आवश्यक नाही ते सारे गाळलेले आहे. त्याला एंजिन एकच, मागे शेपटीचा सांगाडा उघडाच, आणि वैमानिकाच्या साहाय्यास स्वयंचलित साधने जवळपास नाहीत. ही त्याची उणीवही आहे आणि त्याचे सामर्थ्यही. या दोहोंचा हिशेब पुढे येईल.

जगात याच सुमारास जड यंत्रांच्या मर्यादा उघड्या पडल्या होत्या. २४ एप्रिल १९८० च्या रात्री तेहरानमधील ओलिसांना सोडविण्यासाठी अमेरिकेने आठ अवजड हेलिकॉप्टरे धाडली. वाळूची वावटळ आणि यांत्रिक बिघाड यांमुळे वाळवंटातील थांब्यावर काम देण्याजोगी पाचच उरली. गरज किमान सहांची होती. मोहीम रद्द झाली, आणि परतताना हेलिकॉप्टर व विमान यांची टक्कर होऊन आठ जण मृत्युमुखी पडले. या आघातानंतर अमेरिकी भूसेनेने विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र हेलिकॉप्टर दल उभारले. त्यात व्हिएतनाममध्ये टेहळणीसाठी वापरलेली छोटी ह्यूज हेलिकॉप्टरे मुद्दाम घेतली. बाहेरच्या बाजूस फळ्या लावून त्यांवर सैनिक बसविण्याची सोय केलेल्या या यंत्रांना 'लिटल बर्ड', म्हणजे चिमुकला पक्षी, असे नाव पडले. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या अरुंद गल्लीत, जेथे दुसरे कोणतेही हेलिकॉप्टर उतरू शकले नसते तेथे, असाच एक पक्षी गोळीबारात उतरला आणि दोन जखमी सैनिकांना घेऊन उडाला.

आता आपण सियाचीनकडे वळू. १९४९ च्या कराची करारात युद्धविरामरेषा 'एनजे ९८४२' या बिंदूपर्यंत आखली गेली आणि पुढे उत्तरेस हिमनद्यांकडे, एवढेच लिहून सोडून देण्यात आली. त्या बर्फात कोण जाणार, अशीच करार करणाऱ्यांची समजूत असावी. कारकुनी लेखणीने सोडलेल्या मोकळ्या जागेचे पुढे काय होते, हे ज्यांनी आयुष्यभर महसुली दप्तरे हाताळली त्या आम्हां मंडळींना वेगळे सांगावयास नको. सत्तरच्या दशकात पाकिस्तानच्या परवानगीने परदेशी गिर्यारोहक तेथे येऊ लागले आणि नकाशांवर तो प्रदेश पाकिस्तानचा दिसू लागला. कर्नल नरेंद्रकुमार यांनी १९७८ व १९८१ मध्ये तेथे मोहिमा नेऊन वस्तुस्थिती पुढे आणली. ऑक्टोबर १९७८ मध्ये वायुसेनेचे चेतक प्रथम सियाचीनवर उतरले. पुढे दोन्ही बाजू सालतोरो पर्वतरांगेवरील खिंडी ताब्यात घेण्याच्या तयारीस लागल्या. प्रश्न आधी कोण पोचणार एवढाच होता.

दिवस ठरला १३ एप्रिल १९८४, बैसाखीचा. मोहिमेचे नाव मेघदूत. कालिदासाचा मेघ विरही यक्षाचा निरोप घेऊन उत्तरेस गेला होता. हे दूत निराळाच निरोप घेऊन निघाले. पहाटे साडेपाचच्या सुमारास स्क्वाड्रन लीडर सुरिंदर बैन्स आणि रोहित राय यांनी पहिले चीता उडविले. त्यात होते ४ कुमाऊँ पलटणीचे कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांचा एक जवान. कुलकर्णी हे आडनाव ऐकून मराठी वाचकाचे कान टवकारल्यावाचून राहणार नाहीत. बिलाफोंड ला, म्हणजे बाल्टी भाषेत फुलपाखरांची खिंड, ही जवळपास अठरा हजार फुटांवर आहे. बर्फ किती कठीण, किती भुसभुशीत, याचा अंदाज कोणासच नव्हता. हेलिकॉप्टर टेकविणे शक्य नसल्याने ते अधांतरी स्थिर ठेवण्यात आले, आधी आट्याचे पोते खाली टाकून बर्फाची परीक्षा घेण्यात आली, आणि मग माणसांनी उड्या टाकल्या. दुपारपर्यंत अशा सतरा खेपा झाल्या आणि कुलकर्णींसह त्यांची एकोणतीस जवानांची तुकडी खिंडीत पोचली. एका खेपेस दोन माणसे, क्वचित त्याहून किंचित कमीअधिक. हार्मनचा हिशेब येथे पुन्हा आला.

त्या दुपारनंतर हवा बिघडली. हिमवादळ सुटले, उणे तीस अंशांच्या थंडीत तुकडीचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. वर नेता आला होता तो तंबू-शिध्याचा तुटपुंजा साठा एवढाच त्यांचा आधार. तीन दिवसांनी हवा निवळली तेव्हा एक जवान दगावला होता आणि तुकडीतील बहुतेकांना हिमदंशाने ग्रासले होते. १७ एप्रिलला सिया ला ही दुसरी खिंडही हेलिकॉप्टरांच्याच साहाय्याने ताब्यात आली. पाकिस्तानी तुकड्या येईपर्यंत सालतोरोच्या माथ्यावर भारतीय ठाणी बसली होती. तेव्हाचे कॅप्टन कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि पायदळाचे महासंचालक म्हणून निवृत्त झाले.

या घटनेचे मर्म असे की ती खिंड पायी गाठावयाची तर अनेक दिवस लागले असते आणि गुप्तता राहिली नसती. मोठ्या हेलिकॉप्टरांना त्या उंचीवर माणसे उतरविणे साधणारे नव्हते. केवळ हलके होते म्हणून चीता तेथे पोचले, आणि ते पोचले म्हणून नकाशावरची रेषा आज जेथे आहे तेथे आहे. जून १९८७ मध्ये नायब सुभेदार बाणासिंग यांच्या पथकाने एकवीस हजार फुटांवरील पाकिस्तानी चौकी जिंकली तेव्हाही जवळच्या ठाण्यापर्यंत माणसे व सामान चीतांनीच थोडेथोडे करून पोचविले. पुढे सर्वांत उंच ठाण्यांवर रोजची रसद नेणे हेच त्यांचे काम झाले. तेथे कधी एका खेपेस वीस-पंचवीस किलोंचा रॉकेलचा एक डबा एवढाच माल नेता येतो. एंजिन बंद न करता, अर्ध्या मिनिटाच्या आत तो उतरवून वैमानिक परत फिरतो. १९९९ च्या कारगिल युद्धात फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोन तरुणींनी चीता चालवून टेहळणी केली आणि जखमी जवानांना रणभूमीवरून आणले.

येथे एक आक्षेप संभवतो. २८ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत नरिमन हाउसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दोरावरून उतरले ते एमआय-१७ या मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरातून, मग हलक्या यंत्राचे एवढे कौतुक कशासाठी? आक्षेप रास्त आहे. समुद्रसपाटीला, दाट हवेत, एकदम पंधरा-वीस माणसे उतरवावयाची असता मोठे यंत्रच कामाचे. पालखेडला तोफखाना नको होता, याचा अर्थ किल्ला घेतानाही तो नको असा होत नाही. प्रश्न भूमीचा आणि कामाचा आहे. आपल्या शहरालाही या जड बाजूचा वाटा आहेच : मुंबईच्या हल्ल्यानंतर २००९ मध्ये सुरक्षा दलाची जी प्रादेशिक केंद्रे निघाली त्यांत हैदराबाद होते, आणि आदिबाटला येथील टाटा-बोइंगच्या कारखान्यातून २०१८ पासून अपाचे या अवजड लढाऊ हेलिकॉप्टरचे सांगाडे तयार होऊन जात आहेत. गंमत अशी की अपाचे आणि तो चिमुकला 'लिटल बर्ड' ही दोन्ही मुळात ह्यूज या एकाच कंपनीची अपत्ये.

आता देण्याकडे येऊ. ज्या साधेपणाने चीताला वर नेले, त्याच साधेपणाने त्याला धोक्याच्या काठावर ठेवले आहे. एकच एंजिन असल्याने ते रुसले की डोंगरात उतरावयास जागा नसते. ढगात शिरल्यावर मार्गदर्शनाची आधुनिक साधने नसल्याने सारी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर राहते. साठच्या दशकात आखलेले यंत्र एकविसाव्या शतकातही तेच काम करीत राहिले. चीतालला, म्हणजे चीताच्या सुधारित आवृत्तीला, नवे एंजिन मिळाले. तथापि मूळ प्रश्न सुटला नाही. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेली येथे चीता कोसळून तीन लष्करी अधिकारी गेले. त्यानंतर वैमानिकांच्या पत्नी एकत्र आल्या आणि ही जुनी हेलिकॉप्टरे सेवेतून काढावीत असे गाऱ्हाणे त्यांनी २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे मांडले. १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचलात आणखी एक चीता पडले. त्यात गेलेल्या दोघांपैकी लेफ्टनंट कर्नल व्ही. व्ही. बी. रेड्डी हे आपल्या तेलंगणाचे होते.

बदली यंत्राची फाईल मात्र फार फिरली. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांच्या खरेदीची पहिली निविदा डिसेंबर २००७ मध्ये, यंत्राची निवड होऊन गेल्यावर, रद्द झाली. २००८ मध्ये दुसरी निघाली. ती ऑगस्ट २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाशी कामोव हेलिकॉप्टरांचा करार झाला, तो कागदावरून पुढे सरकेना. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे स्वदेशी हलके हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाले आणि त्यासाठी कर्नाटकात तुमकूरजवळ २०२३ च्या फेब्रुवारीत कारखान्याचे उद्घाटन झाले. आम्ही सरकारी सेवेत अनेक दशके काढली. निविदा रद्द करण्यामागे बहुधा सबळ कारण असते, नियमभंग झालेला असतो, हे आम्ही जाणतो. परंतु फायलीवर जो शेरा निर्दोष ठरतो, त्याची किंमत फायलीबाहेर कोणीतरी मोजीत असते, हेही आम्ही जाणतो. कार्यालयात एक वर्षाचा विलंब म्हणजे एक तारीख. हिमनदीवर तो जुन्या एंजिनाचा आणखी एक हिवाळा असतो.

इतिहासाने हलकेपणाचे बळ दाखविले, तसा त्याचा नियमही दाखविला आहे. बाजीरावाचा स्वार हलका होता, पण त्याचे घोडे निवडक, तरणे आणि ताज्या दमाचे असे. एकाच घोड्यावर दोन पिढ्यांनी मोहीम करावी असे कोणत्याही शिलेदाराने मनात आणले नसते. थकलेला घोडा वेळेवर बदलणे हा हलक्या फौजेचा पहिला दंडक होता, कारण तिच्यापाशी वेगाखेरीज दुसरी ढाल नव्हती. पालखेडपासून फार दूर नसलेल्या नाशिकला आज भूसेनेचे वैमानिक घडतात, आणि येथे हकीमपेठला तिन्ही दलांचे. ती मुले उंचावरच्या त्या खिंडींवर जातील तेव्हा त्यांच्या हाती यंत्र हलके असावे, पण जीर्ण नसावे. सतरा खेपांत राष्ट्राची सीमा राखणाऱ्यांचे एवढे देणे आपल्याकडे निश्चित लागते.